"वाचून दाखविला, तो बरोबर आहे" : राजवट बदलल्यावर पोलिसांवरचा विश्वास येतो कुठून?

मुचकुंदीकाठ (धागालेखिका)

नमस्कार. मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते आणि इतिहास व नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. हुकूमशाही किंवा परकी सत्ता जाऊन लोकशाही आलेल्या देशांत लोकांचा पोलिसांवर विश्वास कसा बसतो, किंवा का बसत नाही, या प्रश्नाकडे मी एका कागदामुळे वळले. तो प्रसंग आधी सांगते.

माझ्या धाकट्या दिरांची लहान होडी आहे. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी, होडी पाण्यात उतरवायची तयारी चालू असताना, कर्ज काढून घेतलेले नवे मशीन रात्रीतून चोरीला गेले. मशीनला बांधलेली साखळी करवतीने कापलेली होती आणि तिचा वीतभर तुकडा वाळूत पडला होता. भाऊजी तो तुकडा पिशवीत घालून पोलीस ठाण्यात गेले, दोन तास बाकावर बसले, सगळी हकीकत सांगितली आणि दिलेल्या कागदावर सही करून घरी आले. संध्याकाळी मी तो कागद वाचला, तर त्यात "होडीचे मशीन गहाळ झाले" असे लिहिलेले होते. साखळीचा उल्लेख कुठेच नव्हता. तुकडा त्यांच्याच पिशवीत परत आला होता. कागदाच्या तळाशी मात्र नेहमीचे वाक्य होते: "माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे." मी विचारले, वाचून दाखवला का? भाऊजी म्हणाले, "नाही वहिनी, सही कुठे करायची तेवढे दाखवले."

राजवट बदलली की पोलिसांचे नाव बदलते, गणवेश बदलतो, कायदाही बदलतो. मला वाटते की विश्वास या कशावर बसत नाही. तो त्या शेवटच्या वाक्यावर बसतो. ते वाक्य खरे असेल तर माणूस पुन्हा ठाण्याची पायरी चढतो आणि खोटे असेल तर त्याची पोरेसुद्धा चढत नाहीत. इतर देशांत हे कसे घडले याबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावे.

वेंगुर्ला_किनारा

बाई, जॉर्जियाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. नोव्हेंबर २००३ मध्ये या पूर्वीच्या सोव्हिएत देशात लोकांच्या निदर्शनांतून 'गुलाब क्रांती' झाली, मिखाइल साकाश्विली सत्तेवर आले आणि २००४ मध्ये त्यांच्या सरकारने रस्त्यावर गाड्या अडवून पैसे उकळणारे वाहतूक पोलीस दलच बरखास्त केले. सुमारे १५ हजार माणसे घरी गेली. त्यांच्या जागी नव्याने भरती केलेले, चांगल्या पगाराचे गस्ती पोलीस आले, आणि आत काय चालले आहे ते रस्त्यावरून दिसावे म्हणून नव्या पोलीस ठाण्यांच्या भिंती काचेच्या केल्या गेल्या. लाच हा रोजच्या प्रवासाचा भाग असलेल्या देशात ती थोड्या काळात रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी झाली. युक्रेनने २०१५ मध्ये कीवपासून नवे गस्ती पोलीस उभे केले, तेव्हा त्या कामासाठी जॉर्जियातच अनुभव घेतलेल्या एकातेरिना झ्गुलाद्झे यांना बोलावले होते. जुन्या माणसांच्या हाताखाली नवी माणसे घातली की जुन्याच सवयी लागतात, म्हणून पाटी एकदा कोरी करणेच योग्य, असे माझे प्रामाणिक मत आहे.

जुना_ठाणे_अंमलदार

बाई, मी ३३ वर्षे पोलीस खात्यात काढली आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. तुमच्या दिरांच्या बाबतीत जे झाले ते चूक आहे, आणि मीही नोकरीत काही वेळा तेच केले आहे, हे आधी मान्य करतो.

ते का होते ते सांगतो. चोरी म्हणून गुन्हा दाखल केला की तो तपासावर येतो, उघडकीस आला नाही तर प्रलंबित राहतो, आणि महिन्याच्या क्राईम मीटिंगमध्ये साहेबांना त्याचे उत्तर द्यावे लागते. 'गहाळ' म्हणून नोंद केली की वर कुणीही विचारत नाही. जिल्ह्यात गुन्हे वाढले अशी बातमी आली तर बोलणी खावी लागतात, आणि लोक न घाबरता तक्रार द्यायला येऊ लागले म्हणून आकडा वाढला असे मानणारा अधिकारी मला नोकरीत एकच भेटला. ठाण्यात रात्री दोन माणसे, त्यातला एक गणपतीच्या बंदोबस्ताला गेलेला, फोन वाजतो आहे, समोर चार जण उभे आहेत, अशा वेळी जबाब वाचून दाखवण्याचे वाक्य संगणकात आधीच टाकलेले असते आणि ते तसेच छापले जाते.

वेंगुर्ल्याच्या भावांना एवढेच सांगतो की सगळ्यांना घरी पाठवले तर पंचनामा कसा करायचा, मुद्देमाल कसा सील करायचा, मेलेल्या माणसाच्या घरच्यांशी कसे बोलायचे, हे नव्यांना शिकवणार कोण? वाईट सवय जुन्याकडून लागते हे खरे, पण कामही जुन्याकडूनच शिकले जाते.

मुचकुंदीकाठ

काका, तुम्ही हे उघडपणे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. खात्यातल्या माणसाने असे मान्य केलेले मी प्रथमच वाचते आहे.

वेंगुर्लाकर, जॉर्जियाची गोष्ट २००४ वर थांबवता येत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये तिबिलिसीतल्या ग्लदानी तुरुंगात कैद्यांचा छळ होत असल्याच्या चित्रफिती दूरचित्रवाणीवर आल्या, लोक रस्त्यावर उतरले आणि १ ऑक्टोबरच्या निवडणुकीत साकाश्विलींचा पक्ष हरला. रस्त्यावरचा पोलीस चिरीमिरी मागत नव्हता, हे लोकांना पटलेलेच होते. पण ठाण्याची भिंत काचेची आणि तुरुंगाची दगडी, असे असेल तर माणसे त्या दगडी भिंतीवरूनच सरकारला ओळखतात.

राजापूर_ते_केप

मी राजापूर तालुक्यातला कोकणी मुसलमान. आमच्या भागातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुष्कळ माणसे दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनला गेली आणि तिथलीच झाली. माझ्या आजोबांचे चुलते त्यांतले. त्यामुळे तिथल्या पोलिसांच्या गोष्टी आमच्या घरात पत्रांतून आणि लग्नकार्यांतून येत राहिल्या. बाईंनी कागदाचा मुद्दा काढला म्हणून त्यांतली एक गोष्ट सविस्तर लिहितो.

केप टाऊनच्या क्लेअरमाँट भागातल्या मशिदीचे इमाम अब्दुल्ला हारून हे वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध उघड बोलत. २८ मे १९६९ रोजी त्यांना अटक झाली. चार महिने कोठडीत राहिल्यावर २७ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी कागदावर लिहिले की ते जिन्यावरून घसरून पडले, आणि १९७० च्या चौकशीत न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यावर बोट ठेवले नाही. आमच्या वडिलांची चुलत बहीण तेव्हा शाळेत जात होती. जनाजा घरावरून गेला तेव्हा रस्त्याचे दुसरे टोक दिसत नव्हते एवढी माणसे होती, असे ती सांगे. त्यानंतर तिच्या घरात 'जिना' हा शब्द एका वेगळ्याच अर्थाने वापरला जाऊ लागला. कुणी खोटे बोलते आहे असे वाटले की घरातले म्हणत, "हा जिन्यावरून पडला."

२७ एप्रिल १९९४ ला सर्वांना मताधिकार मिळालेली पहिली निवडणूक झाली आणि त्यानंतर जे बदल झाले ते कागदावर फार मोठे होते. जुने पोलीस दल आणि वेगवेगळ्या 'होमलँड'ची (काळ्या लोकांसाठी वेगळ्या काढलेल्या प्रदेशांची) दहा दले, अशी अकरा दले एकत्र केली गेली. 'दक्षिण आफ्रिकन पोलीस' या नावापुढे १९९५ च्या कायद्याने 'सेवा' हा शब्द आला, 'कायदा व सुव्यवस्था' मंत्रालयाचे नाव बदलून 'सुरक्षितता' असे झाले, लष्करी हुद्दे काढून टाकले गेले, आणि प्रत्येक ठाण्याच्या हद्दीत लोकांची पोलिसांबरोबर बसणारी मंडळे कायद्यानेच स्थापन करायची ठरले. डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य व सलोखा आयोगासमोर, जो पूर्ण सत्य सांगणाऱ्याला माफी देऊ शकत होता, पोलीस अधिकाऱ्यांनी छळाच्या कबुल्या दिल्या. वर्णद्वेषाविरुद्ध लढणारे नेते स्टीव्ह बिको यांच्या १९७७ मधल्या कोठडीतल्या मृत्यूप्रकरणी माफी मागणाऱ्या पोलिसांचे अर्ज मात्र आयोगाने फेटाळले, कारण ते पूर्ण सत्य सांगत नाहीत असे आयोगाला दिसले.

तरीही विश्वास आला का? १९९६ मध्ये केप टाऊनमध्येच, आमच्याच नात्यागोत्यातल्या वस्त्यांत, अमली पदार्थांच्या टोळ्यांना कंटाळलेल्या लोकांनी स्वतःचे दल उभारले आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये जमावाने एका टोळीप्रमुखाला भर रस्त्यात, कॅमेऱ्यांसमोर मारले. पोलीस आता छळत नव्हते, पण बोलावल्यावर येतही नव्हते. खायेलित्शा या वस्तीतल्या जमावाच्या हाणामाऱ्यांनंतर २०१२ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१४ मध्ये अहवाल दिला, त्यात गरीब काळ्या वस्त्यांना पोलीस मनुष्यबळ कमी दिले जाते हे स्पष्ट नोंदवले आहे. लोकशाहीला वीस वर्षे झाली तरी पोलिसांच्या वाटपाचे गणित जुन्याच वळणाचे राहिले होते. लष्करी हुद्दे २०१० मध्ये परत आले. १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकाना इथे संपावरच्या ३४ खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घालून मारले, आणि तेव्हा सरकार लोकांनीच निवडून दिलेले होते.

आता मूळ कागदाकडे येतो. हारून यांच्या कुटुंबाने पाठपुरावा सोडला नाही. २०२२ मध्ये चौकशी पुन्हा उघडली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने जिन्याची गोष्ट फेटाळून मृत्यू पोलिसांच्या छळामुळे झाला असे ठरवले. दोषी अधिकाऱ्यांना शिक्षा होण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. तरी निकालाच्या दिवशी वडिलांच्या त्या बहिणीचा फोन आला आणि ती एवढेच म्हणाली, "जिना काढून टाकला." चौपन्न वर्षांनी एक शब्द कागदावरून खोडला गेला. तिचा आजच्या पोलिसांवर विश्वास बसला का, हे मी तिला विचारले नाही.

मुचकुंदीकाठ

राजापूरकर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आमच्या 'गहाळ'ची आणि त्या 'जिन्या'ची तुलना करण्याचे धाडस मला होत नाही, कारण एका बाजूला मशीन आहे आणि दुसऱ्या बाजूला माणसाचा जीव. पण लिहिणाऱ्याच्या हातात शब्द असतो आणि सोसणाऱ्याच्या हातात फक्त सही, हे दोन्हीकडे सारखे आहे.

बांदा_वाटसरू

आमचे गाव गोव्याच्या हद्दीला लागून आहे. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पत्रादेवीला पोर्तुगीजांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, ते पाहिलेली माणसे आमच्या घरात होती. आजी शेवटपर्यंत सांगायची, "पोलीस दिसलो की वाट बदलूची." १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६३ मध्ये तिथे पहिली निवडणूक झाली, पण वाट बदलायची आजीची सवय काही गेली नाही, आणि तिला पाहून माझ्या आईचीही.

खुद्द पोर्तुगालात लोकशाही २५ एप्रिल १९७४ च्या उठावाने आली. 'पिडे' या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या गुप्त पोलिसांच्या लिस्बनमधल्या मुख्यालयासमोर गर्दी जमली, तेव्हा आतून झालेल्या गोळीबारात चार माणसे मेली. गुप्त पोलीस मोडले गेले, पण शहरांतले साधे पोलीस आणि गावांतली 'रिपब्लिकन गार्ड' मात्र तशीच राहिली. छळणारी शाखा छाटता येते. परवान्यासाठी, भांडणासाठी, अपघातासाठी ज्याच्याकडे रोज जावे लागते तो पोलीस तोच राहतो आणि लोकांना त्याच्याशीच नव्याने ओळख करून घ्यावी लागते. पोर्तुगालात ते निदान एकाच भाषेत झाले. आमच्या पलीकडच्या गोव्यात सरकार, भाषा आणि वर्दी तिन्ही एका रात्रीत बदलली.

उरणकर_आगरी

आमच्या एका तालुक्यात दोन हुतात्मा स्मारके आहेत. चिरनेरचे स्मारक २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहातल्या गोळीबाराचे आहे. जासईचे आहे ते १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उतरलेल्या शेतकऱ्यांवरच्या गोळीबाराचे, त्यात पाच जण गेले. पहिल्यात हुकूम इंग्रजांचा होता आणि दुसऱ्यात आपल्याच सरकारचा. माझे आजोबा दोन्ही ठिकाणी दरवर्षी हार घालायला जात आणि दोन्हींत फरक करत नसत. आपल्या देशात १९४७ ला पोलीस दल बरखास्त झाले नाही, १९३० साली भरती झालेला शिपाई स्वातंत्र्यानंतरही नोकरीत असू शकत होता, आणि १८६१ चाच पोलीस कायदा चालू राहिला. संक्रमणाची चर्चा करताना आपण परदेशांकडे बघतो, पण आपले स्वतःचे संक्रमण अजून पुरते झालेले नाही असे मला वाटते.

अलिबाग_वकील

एक दुरुस्ती सुचवते. मुंबई इलाख्यात १८९० चा जिल्हा पोलीस कायदा होता आणि त्याची जागा १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने घेतली, ज्याला आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. म्हणजे आपल्याकडे कायदा स्वातंत्र्यानंतरचा आहे. पण उरणकरांचा मूळ मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही, उलट पक्का होतो, कारण तारीख नवी असली तरी पोलीस सरकारला उत्तरदायी आणि लोकांना नाही, ही १८६१ ची घडण त्यात तशीच उतरली. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात यावर अनेक अहवाल दिले. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २२ सप्टेंबर २००६ ला न्यायालयाने तपास व बंदोबस्त वेगळा करा, बदल्यांसाठी मंडळ नेमा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमा, असे आदेश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती केली. हवालदारकाकांच्या त्या रात्रीच्या दोन माणसांतला एक बंदोबस्ताला गेला नसता, तर बाईंच्या दिरांचा जबाब कदाचित वाचून दाखवला गेला असता. न्यायालयाच्या आदेशाचा अर्थ इतका घरगुती आहे.

बाई, तुमच्यासाठी कायद्याची बाजू अशी आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार नोंदवलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नोंद घेतली नाही तर तीच खबर लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि त्यानंतरही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा, आणि साखळीच्या तुकड्याचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करा.

हर्णै_बंदर

मी आमच्या गावच्या सागर रक्षक दलात, म्हणजे किनाऱ्यावर लक्ष ठेवून पोलिसांना मदत करणाऱ्या गावकऱ्यांच्या दलात आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांची स्फोटके आमच्याच कोकण किनाऱ्यावर, रायगडात दिघी आणि शेखाडीला उतरली, आणि ती पुढे जाऊ देणाऱ्या सीमाशुल्क व पोलीस खात्यातल्या माणसांना पुढे न्यायालयाने शिक्षा केल्या. २६ नोव्हेंबर २००८ नंतर पोलीस आम्हाला सांगतात की समुद्रावर अनोळखी होडी दिसली तर लगेच कळवा. आम्ही कळवतोही. पण मच्छिमाराची स्वतःची होडी किंवा जाळी चोरीला गेली की त्याच ठाण्यात त्याला बाकावर बसून राहावे लागते. माहिती एकाच दिशेने वाहत राहिली तर ती फार दिवस वाहणार नाही, आणि मग नुकसान आमचे एकट्याचे होणार नाही.

जुना_ठाणे_अंमलदार

हर्णैच्या भावांचे म्हणणे मला पूर्ण पटते. मी वर एका अधिकाऱ्याचा उल्लेख केला, तो अनुभव सांगायचा राहिला. मी नवा शिपाई असताना ठाणे आयुक्तालयात होतो. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला मोठ्या दंगली झालेल्या, त्यामुळे त्या गावात नेमणूक म्हणजे शिक्षाच समजत. सुरेश खोपडे तिथे उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे, यंत्रमाग कामगार, दुकानदार, आणि त्यांच्याबरोबर त्या मोहल्ल्याची जबाबदारी दिलेला एक पोलीस, अशी बैठक नेमाने व्हायची. पहिल्या बैठकांत लोक दंगलीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. गटार तुंबले आहे, दिवा लागत नाही, शेजारी रात्री मोठ्याने रेडिओ लावतो, असेच सांगत. आम्हाला वाटायचे, हे पोलिसांचे काम आहे का? पण आम्ही ते वहीत लिहून घेत होतो आणि पुढच्या बैठकीत काय झाले ते वाचून दाखवत होतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या रात्रींत मी ज्या गल्लीत उभा होतो, तिथे अफवा आली की आधी मला नावाने हाक मारून विचारत, "साळुंखे, खरे काय आहे?" (आडनाव बदलून लिहिले आहे.)

राजापूरकरांनी लिहिलेली दक्षिण आफ्रिकेतली मंडळे आणि आमच्या या समित्या दिसायला सारख्याच आहेत. आमच्याकडे कायदा नव्हता, अधिकारी होता. त्यांच्याकडे कायदा होता. अधिकारी बदलून गेला की काय होते ते आम्ही पुढे पाहिले, म्हणून मला दोन्ही हवे असे वाटते.

मुचकुंदीकाठ

हा धागा काही आठवडे शांत होता, म्हणून पुढे काय झाले ते कळवते. वकीलताईंच्या सांगण्याप्रमाणे भाऊजींनी अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. सोळाव्या दिवशी ठाण्यातून बोलावणे आले. या वेळी मीही बरोबर गेले. टेबलापाशी एक तरुण महिला शिपाई होत्या. भाऊजी बोलत होते तसतसे त्यांनी टंकलिखित केले आणि शेवटी पडदा आमच्याकडे वळवून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागल्या. "साखळी तुटलेली आढळली" इथे भाऊजींनी त्यांना थांबवले. आयुष्यात प्रथमच ते कुणा पोलिसाला मधेच थांबवत होते, आवाज थोडा कापत होता. ते म्हणाले, "तुटलेली नाही, बाई. कापलेली." शिपाईबाईंनी भाऊजींकडे पाहिले, पिशवीतला तुकडा हातात घेतला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि शब्द बदलला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचले.

गुन्हा चोरीचा नोंदवला गेला आहे. साखळीचा तुकडा दोन पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून मुद्देमालात जमा केला. मशीन अजून मिळालेले नाही आणि संस्थेचा हप्ता चालू आहे. काल शेजारच्या वाडीतल्या एका बाईंची शेळी गेली, तेव्हा त्यांचा मुलगा आमच्या पडवीत येऊन भाऊजींना विचारत होता की ठाण्यात सकाळी गेलेले बरे की संध्याकाळी.